सांध्याखालचा कागद

४ मार्च

भाऊजी,

आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, आधी वाईट बातमी. तुमच्या टेकडीवर रेंज नाही, आणि तुमच्या ऑफिसच्या फोनवर चार माणसं कान टवकारून बसलेली असताना हे बोलण्यासारखं नाही. म्हणून सामानाच्या गाडीबरोबर पत्र पाठवतेय.

तुम्ही बांधून दिलेलं मशीन गेलं.

काल दुपारी. घोषणावाले काका रेकॉर्डिंगला आले होते. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं ना, आयुष्यभर बस डेपोत माइकवर गाड्यांच्या घोषणा करणारे, आता माझ्या वॉर्डातले पेशंट? गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा जाणार. म्हणून मीच म्हटलं होतं, त्याआधी आमच्याकडे या आणि नातवंडांसाठी काय बोलायचंय ते बोलून ठेवा. काल शेवटची बैठक होती. नातीला सकाळी कसं उठवायचे ते करून दाखवत होते, "चला, चला, सातची गाडी सुटतेय, अंथरुणातले प्रवासी खाली उतरा!" आणि तुमचे दादा काचेपलीकडे पोट धरून हसत होते. तेवढ्यात स्क्रीन काळी पडली. करपल्याचा वास आला. यांनी झाकण काढलं तर आत तळाला पाणी, आणि बोर्डावरून थेंब ओघळतायत.

काकांनी विचारलं, "काय झालं? गाडी रद्द?" कोणी हसलं नाही. 

त्यांचं ऑपरेशन उद्या आहे. पुन्हा बोलवायला सवड नाही. कॉपी हे संध्याकाळी काढणार होते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघितली, तर ती दिसतच नाही.

तेव्हापासून यांच्या तोंडाला कुलूप आहे. उघडलं तर एकच वाक्य बाहेर येतं, "कॉम्प्युटरमध्ये पाणी घालायचं कुठल्या शहाण्याने सांगितलं होतं?" मी म्हटलं, पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून तुम्हीच रोज कुरकुरत होतात, तेव्हा भाऊजींनी पाण्याने थंड होणारं, आवाज न करणारं बांधलं. तर माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी घासायला निघून गेले. आईंचं तुम्हाला माहीतच आहे. "एक ना धड, भाराभर चिंध्या. लहानपणापासून हेच."

आता पुढचंही सांगून टाकते, मनात ठेवून ते काही गोड होणार नाही. मशीन नीट जमलं तर तुम्ही टेकडीवरची नोकरी सोडून घरी यायचं आणि दोघा भावांनी मिळून स्टुडिओ चालवायचा असं ठरलं होतं. आज सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "खटपट्याला सांग, ते आता विसर." स्वतः लिहायचं धाडस नाही, मला लिहायला लावलं.

नक्की काय चुकलं ते कळवा. म्हणजे मला यांच्याशी भांडायला काहीतरी हाताशी राहील.

तुमची वहिनी

११ मार्च

वहिनी,

तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतात, ते माझ्या टेकडीवर लागू पडत नाही, कारण इथे तोंड बघायलाच कोणी नाही. तरी खाली मान घालून बसलोय. बाहेर माझ्या सगळ्या पवनचक्क्या गरगरतायत. एवढे मोठे पंखे सांभाळणारा माणूस दादाच्या एवढ्याशा पंख्याचा आवाज बंद करायला गेला आणि घर बुडवून आला.

काय चुकलं विचारता. मी काय केलं ते सांगतो, चुकलेलं तुम्हीच शोधा.

अशा मशीनमध्ये पाणी भरल्यावर लगेच वीज द्यायची नसते. नुसता पंप चालवायचा आणि बाकी सगळं बंद ठेवायचं, म्हणजे गळलं तरी जळत नाही. नळी जिथे जिथे जोडली असेल त्या प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद ठेवायचा. मी तुमच्या स्वयंपाकघरातला रोल वापरला, आठवत असेल. मग एक दिवस नि एक रात्र पंप चालू द्यायचा. मध्येच मशीनचा डबा जरा कलता करायचा, त्याने अडकलेले बुडबुडे निघतात, आणि एखादा सांधा कच्चा असेल तर तोही तेव्हाच थेंब सोडतो. कागद ओला दिसला, अगदी नखाएवढा का होईना, की थांबायचं. पाणी काढायचं, सांधा उघडायचा, आतली रबराची रिंग बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या कागदाखेरीज दुसरं काही बघायचं नसतं.

मी संध्याकाळी डबा कलता केला आणि मुद्दाम बाजारात गेलो, समोर बसलं की उगाच हात शिवशिवतात म्हणून. परत आल्यावर बघितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, सगळे कागद कोरडेठाक, म्हणून तसेच आत राहू दिले. तेव्हाच दादाला म्हटलं, दे वीज.

मग पाणी आलं कुठून? मला सांगता येत नाही. म्हणजे चूक माझीच. रिंग चिमटली असणार आणि माझ्या डोळ्यांना दिसली नसणार.

दादाकडे माफी मागायचीही लाज वाटते. मशीन दुसरं मिळेल, त्या काकांचा आवाज मी कुठून आणू? आईला सांगा, या खेपेला चिंध्यासुद्धा भिजल्या.

डबा भंगारात टाकू नका. इकडे पाठवा. कुठे गळलं तेवढं तरी बघतो.

तुमचा
खटपट्या

१९ मार्च

भाऊजी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

एक विचारू का? नखाएवढा कागद ओला झाला तरी थांबायचं असं लिहिलंय. पण समजा, नुसतं समजा हं, एखाद्या कागदाला थोडीशीच ओल असेल, तर ती पाणी भरताना सांडलेल्या थेंबाचीही असू शकते ना? किंवा तुमचेच हात ओले असतील. आणि सांधा नंतर गरम होऊनही बिघडत असेल. म्हणजे कागद बघून कळलंच असतं असं काही छातीठोक सांगता येत नाही. यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून आपलं विचारलं.

डबा यांनी स्वतः बांधला. मी हात लावते म्हटलं तर म्हणाले, "राहू दे, अजून कोणाचे हात नकोत." मला उगाचच लागलं ते. आतले कागदसुद्धा तसेच आहेत, काही काढलेलं नाही. पुढच्या गाडीने येईल.

काकांचं ऑपरेशन झालं. ठीक आहेत. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. त्यांच्या गळ्याची पट्टी मीच बदलते. परवा त्यांनी लिहिलं, "रेकॉर्डिंग नातीला दिलं का?" मी मान हलवली. उभी हलवली की आडवी, ते माझं मलाच माहीत नाही. ते मात्र खूश दिसले.

आईंचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. माझं काही नाही, जरा झोप कमी झालीय.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

डबा पोचला. दादाने काय बांधलाय, काय बांधलाय! उघडेपर्यंत आमच्या साहेबांना वाटलं मी बाँब मागवलाय.

आधी गोड बातमी. डिस्क जिवंत आहे! तिला पाणी लागलंच नव्हतं म्हणा ना, फक्त जोडणीच्या टोकांवर थोडं सुकून बसलं होतं. स्पिरिटने पुसली, वाळवली, लावली, आणि काका बोलायला लागले. थेट "अंथरुणातले प्रवासी खाली उतरा" पर्यंत सगळं आहे. मी ते ऑफिसात लावलं. आमचा स्वयंपाकी दुपारचा आडवा झाला होता, तो खरंच खाली उतरला. परतीच्या गाडीने डिस्क पाठवतोय, दादाच्या हातात द्या.

गळती रेडिएटरच्या खालच्या सांध्यातली. रिंग चिमटलेली होती, मला वाटलं तशीच. ती मीच बसवली, तेव्हा तो दोष माझा, त्यात दुमत नाही.

पण वहिनी, इतकी चिमटलेली रिंग पहिल्याच संध्याकाळी डबा कलता केल्यावर थेंब सोडते. सोडतेच. मग तिच्या खालचा कागद कोरडा कसा राहिला, ते मला समजून घ्यायचंय.

म्हणून विचारतो. मी बाजारात गेलो त्या संध्याकाळी वरच्या खोलीत, मशीनपाशी, कोणी आलं होतं का? आई, दादा, तुम्ही, कोणीही. कोणाला धरून मारायचं नाहीये. कळलं तर दादासमोर उभं राहून एवढं तरी म्हणता येईल, की माझी तपासणी कच्ची नव्हती. मला घरी यायचंय हो. इथे वारा इतका आहे की माणूस स्वतःशी बोलला तरी ऐकू येत नाही.

तुमचाच

६ एप्रिल

भाऊजी,

डिस्क मिळाली. यांनी वर नेऊन लावली आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "धूळ फार झालीय वर." मी आदल्याच दिवशी झाडलं होतं.

काकांच्या नातीला सगळं ऐकवलं. ती पोर हसता हसता रडायला लागली. काकांनी पाटीवर तुमच्यासाठी "आभार" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ते कळवायला सांगितलंय.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, नाही, वर कोणी आलं नव्हतं. आईंना जिना चढवत नाही, हे बाहेर गेले होते, आणि मी ड्यूटीवरून येऊन खालीच पडले होते. तेव्हा त्याचा विचार सोडा. होतं असं कधीकधी.

काल जेवताना मी तुमचा विषय काढला होता. म्हटलं, बघा, भाऊजींनीच डिस्क वाचवली. तर हे म्हणाले, "वाचवली त्याने, मान्य. पण बुडवली कोणी?" आई म्हणाल्या, "त्याच्या हातात दिलं की झालंच." मी ताटात बघत राहिले.

यांच्या ओळखीचा एक जण आहे, आवाजाचंच शिकलेला. पुढच्या महिन्यापासून तो यायचं म्हणतोय. अजून पक्कं नाही. पण तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं.

तब्येतीला जपा.

वहिनी

१४ एप्रिल

ती. वहिनींस नमस्कार.

पत्र मिळालं. वर कोणी आलं नव्हतं, समजलं. पुन्हा विचारणार नाही.

साहेब आणखी दोन वर्षांचा करार घेऊन बसलेत. महिनाअखेर सही हवी म्हणतात. इतके दिवस आज-उद्या करत होतो. दादाने माणूस बघितला असेल तर आता टाळण्यात अर्थ नाही.

आईंना गुडघ्यांवर शेक घ्यायला सांगावं. काकांना नमस्कार.

इकडे सर्व ठीक.

२६ एप्रिल

भाऊजी,

मी आले होते.

तुमचं मागचं पत्र वाचलं तेव्हाच लिहायला हवं होतं. "ती. वहिनींस" आणि "आईंना"! तुम्ही मला आजवर कधी ती. लिहिलं नव्हतं, आणि स्वतःच्या आईला "आईंना" असं तर कधीच नाही. पाच दिवस ते पाकीट माझ्या पर्समध्ये फिरतंय.

त्या संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले आणि तुम्हाला चहा हवा का विचारायला वर गेले. तुम्ही नव्हतात. पंप गुरगुरत होता, खाली तुमचे पांढरे कागद मांडलेले. डब्याच्या कोपऱ्यातला एक ओला होता. नाण्याएवढा डाग. मी तो उचलला, केराच्या टोपलीत टाकला, रोलचा एक नवा तुकडा घेतला, घडी घातली आणि ठेवला. बस, एवढंच केलं. विचारही केला नाही. वॉर्डात दिवसभर तेच करते, ओलं दिसलं की काढायचं, कोरडं ठेवायचं. वर आणखी मनात म्हटलं, भाऊजींनी पाणी भरताना सांडलेलं दिसतंय, चला, तेवढंच नीटनेटकं झालं.

तुमचं पहिलं पत्र आलं, त्यात कागदाची ओळ वाचली आणि मला तो डाग आठवला. मग मी तुम्हाला सांडलेल्या थेंबाच्या आणि ओल्या हातांच्या गोष्टी सांगितल्या. तुम्ही सरळ विचारलंत, तेव्हा सरळ खोटं बोलले. यांनी "बुडवली कोणी" म्हटलं, तेव्हा मी ताटात बघत बसले.

आज का लिहितेय ते सांगते. आज वॉर्डात नवीन शिकाऊ मुलीने काकांच्या गळ्याची पट्टी बदलली आणि जुनी टाकून दिली, मला न दाखवता. मी इतकी वर्षं या मुलींना एकच गोष्ट घोकवत आलेय, पट्टी आधी बघायची. किती भिजलीय, कशाने भिजलीय, सिस्टरला दाखवायची, मगच टाकायची. आतलं काय बिघडलंय ते पट्टीच सांगते, आपण डोळे मिटून टाकली की पेशंट गेला समजा. मी तिला झापायला तोंड उघडलं. ती घाबरून म्हणाली, "सॉरी सिस्टर, ओली दिसली म्हणून बदलली. हात आपोआप गेला."  मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

काकांना काही झालेलं नाही. मी टोपलीतून पट्टी काढून बघितली. माझ्या स्वतःच्या टोपलीत मात्र मी कधी बघितलं नाही.

तुम्हाला प्रश्न पडेल, इतके दिवस गप्प का? या घरात माझ्या हातून काही चुकत नाही, अशी माझी कीर्ती आहे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या सुनेच्या हातून थेंब सांडायचा नाही." ऐकायला गोड लागतं. आणि दुसरं जे आहे ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, भाऊजींच्या नावावर आधीच इतक्या चुका आहेत, आणखी एक खपून जाईल. तुम्हाला काय, दोन दिवस हसतील आणि विसरतील. मी असा विचार केला. तुम्ही तिकडे घरी यायचंय, घरी यायचंय म्हणून लिहीत असताना केला.

यांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला. सही करू नका, मी काहीतरी करते.

वहिनी

४ मे

वहिनी,

सही परवा झाली. तुमचं पत्र काल आलं. गाडीचा दोष नाही, ती आपल्या वारीच येते.

आता माझं ऐका. मला माहीत होतं.

डबा उघडला त्याच दिवशी कळलं. रेडिएटरखालचा कागद माझा नव्हता. मी कागद कसा ठेवतो? फाडायचा आणि कोंबायचा. हा चौकोनी होता, चारही कडा आत दुमडलेल्या, एक दशी बाहेर नाही. दोन वर्षांपूर्वी मी जिन्यावरून पडून गुडघा फोडून घेतला होता, तेव्हा तुम्ही त्यावर अशीच घडी ठेवली होती. अशी घडी आपल्या घरात दुसरं कोणी घालत नाही.

मग विचारलं कशाला? वाटलं, तुम्ही सांगाल. मी पत्रात दार उघडं ठेवलं होतं, "तुम्ही" हा शब्दसुद्धा लिहिला होता. तुम्ही त्या दारातून आलात आणि आतून कडी लावलीत.

कागद बदललात त्याचा मला राग नाही. खरंच नाही. ओलं दिसलं, काढलंत. मी कोणालाही सांगून गेलो नव्हतो की याला हात लावू नका. तोऱ्यात होतो. आणि सकाळी मी कागद कोरडा आहे ना एवढंच बघितलं, आपला आहे का हे बघितलंच नाही. स्वतः ठेवलेला कागद ज्याला ओळखता येत नाही, त्याने तपासणीच्या बढाया मारू नयेत. तेवढी लाज माझी मी ठेवून घेतो.

राग आहे तो "कोणी आलं नव्हतं" याचा. आणि त्याहून जास्त, एक आणखी खपून जाईल म्हणालात त्याचा. कारण ते खरं निघालं, वहिनी. मलाही तसंच वाटलं! घडी हातात घेऊन मी दादाला लिहायला बसलो होतो. मग विचार केला, कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, खटपट्या स्वतःचं पाप वहिनीच्या गळ्यात मारतोय. दादाचं पत्र फाडून टाकलं आणि तुम्हाला लिहिलं. तुमच्या तोंडून आलं असतं तरच ते खरं ठरलं असतं.

मला सांगून तुमचं मन हलकं झालं असेल. माझं झालं नाही, मला नवीन काहीच कळलेलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. आईसमोर, दादासमोर, जेवायला बसल्यावर. जिथे माझं नाव निघतं तिथे.

तुमचा दीर

१३ मे

भाऊजी,

सांगितलं. जेवायला बसल्यावर, तुम्ही म्हणालात तिथेच.

पहिला घास घ्यायच्या आधी सांगितलं, नाहीतर पुन्हा ताटात बघत बसले असते. कागद, डाग, टोपली, तुमचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं ओळीने. "खपून जाईल" तेसुद्धा. 

आई मग म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्या लेकराला फुकट बोलत होते होय गं इतके दिवस?" आणि ताट सारलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" म्हटलं, भाऊजींच्या पहिल्या पत्रापासून. "मी बुडवली कोणी म्हटलं, तेव्हा तू इथेच बसली होतीस." म्हटलं, हो. ते उठले आणि वर गेले. थोड्या वेळाने त्यांनी जुनं मशीन चालू केलं आणि त्या पंख्याची घरघर छतातून खाली यायला लागली. आम्ही दोघी ती ऐकत बसलो. कोणी उठेना.

दुसऱ्या दिवशी यांनी माझ्यासमोर त्या माणसाला फोन लावला, तो आवाजाचं शिकलेला. म्हणाले, "माफ करा, जागा रिकामी नाही." मी धीर करून म्हटलं, अहो, पण भाऊजींनी दोन वर्षांची सही केलीय. माझ्यामुळे. ते पत्र दोन दिवस आधी टाकलं असतं तर.. ते मध्येच म्हणाले, "मग दोन वर्षं हा पंखा ऐकू." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मीठ दे, दार लाव, एवढंच. पंखा रोज चालू असतो आणि मला रोज ऐकू येतो. तसंच व्हायला हवं.

काकांनाही सांगितलं. मी मान हलवली होती ना, तेव्हा रेकॉर्डिंग हातात नव्हतं, आणि ते कोणामुळे गेलं होतं तेही. त्यांनी पाटी पुसली, माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं, "गाडीला उशीर झाला तर तेही माइकवर सांगावं लागतं. शिव्या खायच्या, पण सांगायचं." आणि गळा पुढे केला, पट्टी बदलायला. मी आधी नीट बघितली, त्या शिकाऊ मुलीला दाखवली, मग बदलली. स्वच्छ होती.

काल शेजारच्या बाई आल्या होत्या. आई त्यांना म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या हातूनही सांडतं बरं का." मी आतून ऐकलं. लाजेने कान तापले, पण खोटं सांगायचं, तर मला वाईट वाटलं. खरं सांगायचं, तर हायसं वाटलं.

ऑक्टोबरात तुमची सुट्टी असते. हे काही बोलले नाहीत, पण वरचं तुमचं टेबल त्यांनी रिकामं करून पुसून ठेवलंय. पुन्हा बांधा. कागद तुम्हीच ठेवा, तुमचे वेडेवाकडे, मी घडी घालणार नाही. तुम्ही खुशाल बाजारात जा. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन, आणि कागद ओला झाला तर दोन्ही हात मांडीखाली दाबून धरीन आणि अख्खी गल्ली गोळा होईल इतक्या मोठ्याने तुम्हाला हाक मारीन.

आशीर्वाद पहिल्या पत्रात शेवटी लिहीन म्हटलं होतं आणि राहूनच गेले. आता ते द्यायला मला तोंड नाही. नुसती वाट बघते.

तुमची वहिनी